बडोद्यात मुलाला कॅथलिक प्राथमिक शाळेत घालताना: नव्याने आलेल्या पालकांसाठी मार्गदर्शक

नोकरीच्या बदलीमुळे आम्ही सोलापूरहून बडोद्यास आलो, तेव्हा थोरली मुलगी शाळेत जाण्याच्या वयाची होती आणि धाकटा पाळण्यात होता. दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सल्ला दिला, “मुलीला मिशनच्या शाळेत घाला.” कोणती मिशनची शाळा, ती कोण चालवते, तिथे नेमके काय मिळते आणि आमच्याकडून काय अपेक्षित असते, हे मात्र कोणालाच नीट सांगता आले नाही. दोन्ही मुले कॅथलिक संस्थेच्या प्राथमिक विभागात शिकली. त्या काळात आमच्या ज्या चुका झाल्या आणि जी माहिती उशिरा हाती आली, ती नव्याने या शहरात येणाऱ्या मराठी कुटुंबांना आधीच मिळावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. कॅथलिक शाळा ही प्रथम एका धर्मसमाजाने आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी आणि सेवेचे कार्य म्हणून उभी केलेली संस्था असते, आणि तिचे दार इतरांसाठी उघडे असते. हे लक्षात घेऊन आत गेलेला पालक समाधानी राहतो. केवळ इंग्रजीसाठी “कॉन्व्हेंट” हे नाव शोधत आलेल्या पालकाचा वर्षभरात हिरमोड होतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

१. शाळा खरोखर कॅथलिक आहे का, याची खात्री करा

पाटीवर “सेंट” किंवा “कॉन्व्हेंट” लिहिलेली प्रत्येक शाळा कॅथलिक नसते. आपल्याकडे हे शब्द चांगल्या इंग्रजी शाळेचे पर्याय होऊन बसले आहेत आणि कोणतीही खाजगी संस्था ते वापरते. आम्ही स्वतः अशाच एका शाळेचा अर्ज भरला, नोंदणीचे पैसे दिले आणि नंतर कळले की तिचा चर्चशी काहीही संबंध नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायला सांगतो.

पहिला प्रश्न, शाळा कोण चालवते? कॅथलिक शाळा एक तर धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालील चर्चच्या विभागाच्या असतात किंवा एखाद्या धर्मसंघाच्या, म्हणजे व्रतस्थ फादर, ब्रदर किंवा सिस्टर यांच्या संघाच्या. बडोद्याचा धर्मप्रांत १९६६ साली स्थापन झाला आणि त्याचे प्रमुख बिशप असतात. धर्मसंघांपैकी येशूसंघ, म्हणजे जेजुइट फादरांचा संघ, १५४० सालचा आहे, आणि प्रतापगंजची रोझरी शाळा त्यांच्या परंपरेतली आहे. जीझस अँड मेरी हा सिस्टरांचा संघ १८१८ साली फ्रान्समधील ल्यों शहरात सुरू झाला आणि १८४२ साली आग्र्याला आला. डॉन बॉस्को यांचे सालेशियन फादर आणि ब्रदर हा आणखी एक मोठा संघ. संघ कोणता हे कळले की शाळेच्या स्वभावाचा अंदाज येतो: जेजुइट परंपरेत विद्यार्थ्याने अनुभवावर विचार करावा आणि त्यातून कृती करावी यावर भर असतो, तर डॉन बॉस्कोंच्या पद्धतीत मुलाला शिक्षा करण्याची वेळच येऊ नये इतके त्याच्या सहवासात राहावे, असा आग्रह असतो.

दुसरा प्रश्न, चर्चची मान्यता आहे का? कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ८०३ व्या नियमानुसार अधिकृत संमतीशिवाय कोणत्याही शाळेला “कॅथलिक शाळा” असे नाव लावता येत नाही. त्यामुळे शंका असल्यास जवळच्या चर्चच्या कार्यालयात जाऊन विचारावे. तिथले फादर एका वाक्यात उत्तर देतात. तिसरा प्रश्न, संस्थेकडे अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र आहे का? २००४ च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोग असे प्रमाणपत्र देतो. हा कागद प्रवेशाच्या नियमांवर थेट परिणाम करतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

२. शाळा मुलाला काय देते, हे समजून घ्या

शाळेच्या माहितीपत्रकात मैदान, संगणक कक्ष आणि वाचनालय यांची छायाचित्रे असतात. ती पाहावीत, पण त्यावरून शाळा कळत नाही.

माझ्या अनुभवात या शाळांचे खरे देणे म्हणजे दिवसाची घडी. सकाळची प्रार्थनासभा ठरलेल्या मिनिटाला सुरू होते. तीत प्रार्थना, एखादे गीत, बातम्या, सुविचार आणि त्या दिवशी जबाबदारी असलेल्या वर्गाचे छोटे सादरीकरण असते. आमची मुलगी बुजरी होती. पहिलीत असताना तिला चारशे मुलांसमोर ध्वनिक्षेपकात फक्त एक ओळ म्हणायची होती, आणि त्या एका ओळीसाठी तिच्या वर्गशिक्षिकेने तिच्याकडून आठवडाभर सराव करून घेतला. चौथीत आली तेव्हा ती सभेचे सूत्रसंचालन करीत होती. हे कोणत्याही विषयाच्या गुणांत दिसत नाही, पण तिच्या बोलण्यात आजही दिसते.

दुसरे देणे म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास. कॅथलिक मुलांना या वेळेत धर्मशिक्षण दिले जाते आणि इतर मुलांना खरे बोलणे, क्षमा, श्रमाचा मान, आजारी व वृद्धांची काळजी अशा विषयांवर गोष्टी व उपक्रमांतून शिकवले जाते. सणासुदीच्या आधी धान्य, कपडे, वह्या गोळा करण्याचे काम मुलांकडूनच करवून घेतात. पालकांनी एक पथ्य पाळावे: घरातून दुकानातले नवे पाकीट आणून मुलाच्या हाती देऊ नये. त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून किंवा आपल्या खेळण्यांतून काही द्यावे, हाच त्या उपक्रमाचा हेतू असतो.

तिसरे, मागे पडणाऱ्या मुलाकडे दिलेले लक्ष. बऱ्याच शाळांत शाळा सुटल्यानंतर अर्धा-पाऊण तास वाचन-गणिताचा जादा वर्ग घेतात आणि काही ठिकाणी समुपदेशक असतात. ही सोय सर्वत्र सारखी नसते. म्हणून भेटीच्या वेळी स्पष्ट विचारावे की एका वर्गात किती मुले असतात, वाचता न येणाऱ्या मुलासाठी काय केले जाते आणि समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतात. वर्गात पन्नासच्या वर मुले असतील तर शाळेचे नाव कितीही मोठे असो, लहान मुलाच्या वाट्याला शिक्षिकेचा वेळ कमीच येणार, हे गृहीत धरावे.

कुटुंबालाही शाळा काही देते. धर्मसंहितेच्या ७९६ व्या नियमात शिक्षकांनी पालकांशी निकट सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे मनापासून ऐकावे आणि पालकांच्या मंडळांना मान द्यावा असे म्हटले आहे. त्याआधी २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या महासभेने, शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यातही आईवडील हेच मुलाचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, अशी भूमिका आहे. म्हणूनच या शाळांत पालकसभेला न जाणे हे फार मनाला लावून घेतले जाते. कामाच्या ठिकाणी रजा मिळत नसेल तर आधी चिठ्ठी लिहून कळवावे. सिस्टर दुसरी वेळ देतात, हा माझा अनुभव आहे.

३. धर्माविषयीची शंका आधीच मिटवून घ्या

हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात निघतो, विशेषतः आजी-आजोबांकडून. तो दडपू नये आणि त्यावरून शाळेविषयी गैरसमजही पसरवू नयेत.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा अधिकार आहे. त्याचबरोबर अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याकडून अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ती संमती पालकाची असावी लागते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०२४ साली आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि संविधानाची उद्देशिका शाळेत लावावी असे सांगितले आहे.

व्यवहारात काय घडते, ते सांगतो. वर्गात क्रूस असतो. “आमच्या स्वर्गातील पित्या” ही प्रार्थना काही शाळांत सर्वजण म्हणतात, काही शाळांत सर्वधर्मीय प्रार्थना असते. नाताळात गव्हाणीचा देखावा उभा राहतो आणि आमच्या मुलाने त्यात मेंढपाळाचे काम केले होते. त्याच शाळेत नवरात्रात गरबा झाला. आमच्या घरी संध्याकाळी दिवा लावून शुभंकरोती म्हणण्याचा नेम एक दिवसही चुकला नाही आणि मुलांच्या मनात कधी गोंधळही झाला नाही. सिस्टरांनी त्यांना सांगितले होते की घरी जी प्रार्थना शिकवतात ती आधी नीट पाठ करा. तरीही ज्यांना शाळेतील प्रार्थना म्हणणे मान्य नसेल, त्यांनी प्रवेशाआधी मुख्याध्यापकांना शांतपणे तसे सांगावे. प्रवेश घेऊन मग वाद घालणे मुलासाठी फार जड जाते.

४. वयाचा हिशोब महाराष्ट्राच्या नियमाने करू नका

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. गुजरातमध्ये पहिलीत प्रवेशासाठी १ जून रोजी वयाची ६ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून हा नियम काटेकोरपणे लागू आहे. महाराष्ट्रात ही तारीख ३१ डिसेंबर धरतात. म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये जन्मलेले मूल महाराष्ट्रात जून २०२६ मध्ये पहिलीत बसू शकते, परंतु बडोद्यात त्याला जून २०२७ पर्यंत थांबावे लागते. पहिलीच्या आधीचा ५ वर्षांच्या मुलांचा वर्ग गुजरातमध्ये “बालवाटिका” म्हणून ओळखला जातो. त्याच्याही आधीच्या वर्गांसाठी याच तारखेवरून मागे मोजावे, ज्युनियर केजीला ४ आणि नर्सरीला ३ वर्षे.

एक वर्ष वाया जाते म्हणून काही पालक जन्मतारीख पुढेमागे करण्याचे मार्ग शोधतात. कृपया असे काही करू नका. ती तारीख मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते आणि मग दुरुस्त होत नाही.

५. कागदपत्रे जुळवा

मूळ प्रत आणि प्रत्येकी तीन छायाप्रती असा एक संच करून ठेवावा. लागणारे कागद असे:

– मुलाचा जन्माचा दाखला
– मुलाचे व आईवडिलांचे आधार कार्ड
– राहण्याचा पुरावा: वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार
– लसीकरणाचे कार्ड
– मुलाची व पालकांची अलीकडची छायाचित्रे
– जातीचा दाखला, लागू असल्यास
– वरच्या वर्गात प्रवेश असल्यास शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला इथे सर्वजण “एलसी” म्हणतात, आणि मागील वर्षाचे प्रगतिपुस्तक
– कॅथलिक मुलांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला व आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातील चर्चच्या, फादरांचे पत्र

आता यांतील खाचखळगे. जन्माच्या दाखल्यावर मुलाचे नाव आहे का ते आजच पाहा. रुग्णालयातून नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते, त्यामुळे पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा रिकामी असते. आमच्या मुलीच्या दाखल्यावर नाव नव्हते, ते अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी लक्षात आले आणि त्या वर्षीची संधी गेली. नाव घालण्यासाठी जन्म जिथे नोंदला गेला तिथल्याच कार्यालयात अर्ज करावा लागतो. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क होते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. आम्हाला त्यासाठी सोलापूरला जावे लागले.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या तारखेस किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्माचा दाखलाच चालतो. दवाखान्याचे पत्र किंवा आधार त्याच्या जागी चालणार नाही.

नावाचा क्रम हा दुसरा खड्डा आहे. गुजरातमध्ये शाळेच्या नोंदवहीत अटक, म्हणजे आडनाव, आधी लिहिण्याची रीत आहे आणि मग मुलाचे व वडिलांचे नाव येते. आधारवर आपण मुलाचे नाव आधी लिहिलेले असते. क्रम वेगळा असला तरी अक्षरे सर्वत्र सारखी असावीत, याची काळजी घ्या. “कुलकर्णी”, “देशपांडे” यांची इंग्रजी अक्षरे दोन कागदांवर दोन प्रकारे लिहिलेली असणे ही नेहमीची अडचण आहे. प्रवेशाआधी आधार दुरुस्त करून घेणे सोपे जाते, नंतर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये बदल करणे कठीण.

महाराष्ट्रातील शाळेतून येत असाल तर एलसीवर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा, कारण परराज्यातील दाखल्यावर ती मागितली जाते. मुलाची नोंद यूडायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवर असते. जुन्या शाळेने ती मोकळी केल्याशिवाय नवी शाळा आपल्याकडे घेऊ शकत नाही. जुन्या शाळेच्या कार्यालयात प्रत्यक्ष उभे राहून हे काम करून घेतलेले उत्तम.

६. अर्ज आणि भेट

चौकशी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करावी. अर्जाची मुदत थोडी असते आणि सूचना कित्येकदा फक्त शाळेच्या फाटकावरील फलकावर लागते. तीन-चार शाळांना स्वतः जाऊन या.

कॅथलिक मुले, शाळेत आधीच भाऊ किंवा बहीण असलेली मुले आणि जवळ राहणारी मुले यांना बहुधा प्राधान्य मिळते. याचे वाईट वाटून घेऊ नये. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये दुर्बल घटकांसाठी पहिल्या वर्गात २५ टक्के जागांची तरतूद आहे, ती अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी तसा निर्णय दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाच्या योग्यतेबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की सरकारी पोर्टलवर २५ टक्क्यांचा अर्ज भरताना अशी शाळा यादीत मिळेलच, या भरवशावर राहू नये.

भेटीच्या दिवशी मुलाला घोकंपट्टी करून नेऊ नका. सिस्टर त्याला रंग विचारतात, चित्र दाखवतात, नाव विचारतात, आणि पालकांचे त्याच्याशी वागणे पाहत असतात. मूल मराठीत बोलले तर बोलू द्यावे. आमच्या मुलाने घोड्याचे चित्र पाहून “हा खंडोबाचा घोडा” असे उत्तर दिले आणि त्याला प्रवेश मिळाला. प्रवेश करून देतो म्हणून पैसे मागणारा मध्यस्थ भेटला, तर त्याच क्षणी शाळेच्या प्रमुखांना कळवावे.

७. फी

आधी शाळा ग्रँटेड, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारी आहे, की सेल्फ फायनान्स, म्हणजे विनाअनुदानित, हे विचारा. एकाच आवारात दोन्ही प्रकारचे विभाग असू शकतात. गुजरातने २०१७ साली सेल्फ फायनान्स शाळांच्या फीचे नियमन करणारा कायदा केला. त्यात प्राथमिक विभागासाठी वर्षाला १५,००० रुपयांची मर्यादा ठेवली असून, त्याहून अधिक फी घेऊ इच्छिणाऱ्या शाळेला फी नियमन समितीकडून मंजुरी घ्यावी लागते. अहमदाबाद, सुरत आणि राजकोटप्रमाणे बडोद्याचीही स्वतंत्र विभागीय समिती आहे. समितीचा आदेश पाहण्यास मागा, आणि फीखेरीज गणवेश, पुस्तके, सहल, वार्षिकोत्सव यांचा खर्च वेगळा विचारून लिहून घ्या.

फी परवडत नसेल तर लाजू नये. संस्थेकडून सवलत मिळण्याची शक्यता असते, पण ती मागावी लागते. प्रमुखांच्या नावे साधे पत्र, सोबत मामलतदार कचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला, आणि हे सर्व वर्षाच्या आरंभी. वडिलांची नोकरी गेल्यावर वर्षाच्या मध्यावर एका मुलीची फी शाळेने स्वतःच भरल्याचे मला ठाऊक आहे, आणि वर्गात ही गोष्ट कोणालाही कळू दिली नाही.

८. गुजराती भाषेची तयारी

गुजरातमध्ये पहिली ते आठवी गुजराती विषय सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे. २०२३ साली त्यासाठी कायदा झाला. त्यामुळे शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी मुलाला गुजराती लिहावी-वाचावी लागते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मैदानावर गुजराती आणि पुढे हिंदी, अशा चार भाषा लहान वयात येतात. घाबरू नये, पण पहिल्या वर्षी गुजरातीकडे जाणीवपूर्वक वेळ द्यावा.

लिपीची भीती आठ दिवसांत जाते. गुजरातीत शिरोरेघ नाही, आणि ग, त, न, म, र ही अक्षरे आपल्यासारखीच दिसतात. वेगळी दिसणारी क, ख, च, ज, झ, फ, ब ही अक्षरे आधी आईवडिलांनी शिकावीत. मी दुकानांच्या पाट्या वाचत मांडवीपासून सूरसागरापर्यंत चालत जाई आणि मुलीला सोबत नेई.

शब्दांचे मात्र भान ठेवावे लागते. “धोरण” म्हणजे इथे इयत्ता, “परिणाम” म्हणजे परीक्षेचा निकाल, “लेसन” म्हणजे गृहपाठ, “कसोटी” म्हणजे चाचणी, “आवक” म्हणजे उत्पन्न आणि “वाली” म्हणजे पालक. शाळेकडून वालीमंडळाच्या बैठकीची सूचना आली तर ती तुमच्यासाठीच आहे. वहीवर बाईंनी “खोटुं” लिहिले असेल तर उत्तर चुकले, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा ते वाचून माझी पत्नी अस्वस्थ झाली होती, कारण मुलगी खोटे बोलली असे तिला वाटले.

आणि मराठी? ती शाळा शिकवणार नाही. ही जबाबदारी पूर्णपणे घराची आहे, आणि ती टाळली तर मुलगा आजीशी मराठीत बोलेल पण तिचे पत्र वाचू शकणार नाही. रोज झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे मराठी गोष्ट मोठ्याने वाचणे आणि रविवारी अर्धे पान लिहिणे, एवढे आम्ही केले आणि ते पुरले.

९. कॅथलिक मराठी कुटुंबांसाठी

वसई, अहिल्यानगर, जालना या भागांतून आलेल्या कॅथलिक कुटुंबांनी शाळेच्या आधी आपल्या धर्मग्रामात नोंद करावी. फादरांचे पत्र त्या नोंदीवरूनच मिळते आणि आयत्या वेळी जाणाऱ्याला ते अवघडल्यासारखे होते. बाप्तिस्म्याचा दाखला मूळ धर्मग्रामातूनच येतो, म्हणून तो मागवायला वेळ ठेवावा. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी शाळेत होते की चर्चमधील रविवारच्या वर्गात, हे दोन्हीकडे विचारून घ्यावे. प्रवेश मिळालाच नाही, तरी धर्मसंहितेचा ७९८ वा नियम पालकांना शाळेबाहेर मुलाच्या धर्मशिक्षणाची सोय करण्यास सांगतो, आणि रविवारचे वर्ग त्यासाठीच असतात. माझ्या मुलीच्या वर्गातील एका वसईच्या मैत्रिणीची आई घरी मराठीतून जपमाळ म्हणवून घेत असे. इंग्रजी मिस्सेला जाऊनही त्या मुलीच्या प्रार्थना मराठीतच राहिल्या.

१०. पहिले वर्ष

ने-आण करण्यासाठी रिक्षा किंवा व्हॅन ठरवली, तर तिला इथे “स्कूल वर्धी” म्हणतात. चालकाचा परवाना, पिवळी नंबरप्लेट आणि मुलांची संख्या पाहूनच ठरवा, आणि पहिले चार दिवस स्वतः मागून जा. पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी चढले की काळाघोड्याचा पूल आणि सयाजीगंजच्या बाजूचे रस्ते अडतात. घर नदीच्या एका तीरावर आणि शाळा दुसऱ्या तीरावर असेल, तर शाळेजवळ राहणारे एखादे ओळखीचे कुटुंब शोधून ठेवा आणि त्यांचे नाव शाळेला लेखी कळवा. तसे नाव दिलेले नसेल तर शाळा मुलाला दुसऱ्याच्या हाती सोपवत नाही, आणि ते योग्यच आहे.

मुलांच्या सुरक्षेविषयी विचारताना संकोच करू नये: स्वच्छतागृहाजवळ मदतनीस बाई असतात का, तक्रार कोणाकडे करायची, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का. जबाबदार शाळा या प्रश्नांनी नाराज होत नाही.

शिस्तीची तक्रार पहिल्या महिन्यात हमखास घरी येते. बूट काळेच हवेत, नखे कापलेली हवीत, पाच मिनिटे उशीर झाला तरी डायरीत नोंद. मुलाच्या बाजूने लगेच शाळेत धावू नका आणि त्याला रागावूही नका. डायरी रोज संध्याकाळी उघडा, सही करा, आणि बाईंना काही सांगायचे असेल तर त्याच पानावर दोन ओळी लिहा. आमच्याकडे या दोन्ही मुलांच्या नर्सरीपासून पाचवीपर्यंतच्या डायऱ्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि शाळेशी झालेला आमचा बहुतेक संवाद त्या पानांवरच आहे.

मारहाण, अपमान किंवा वर्गाबाहेर तासन्‌तास उभे करणे असे काही घडले, तर मात्र डायरी पुरेशी नाही. त्याच दिवशी प्राथमिक विभागाच्या प्रमुखांना लेखी द्या व पोच घ्या. आठवडाभरात उत्तर आले नाही तर संस्थेच्या व्यवस्थापक फादरांना किंवा सिस्टरांना भेटा, आणि त्यानंतरही काही झाले नाही तर जिल्हा प्राथमिक शिक्षणाधिकारी किंवा नगर प्राथमिक शिक्षण समिती, यांपैकी तुमच्या शाळेवर ज्यांची देखरेख असेल त्यांच्या कार्यालयात अर्ज करा. अर्जाची भाषा गुजराती असेल तर काम लवकर होते. येत नसेल तर रावपुऱ्यात कचेरीजवळ अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्याकडून लिहून घ्या आणि सही करण्यापूर्वी तो वाचवून घ्या.